इंजिनाचा श्वास : मोजमापाचा एक धडा

सचिनच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यालगत माझी एक लहानशी कार्यशाळा आहे. संध्याकाळी तेथे जी मुले येऊन बसतात त्यांपैकी बरीचशी याच शाळेत शिकलेली असतात. कोणाचे वडील लूमवर आहेत, कोणाचे डाइंग मिलमध्ये. घरात अहिराणी किंवा खानदेशी वळणाची मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, असा त्यांचा दिवस जातो. प्रश्न मात्र बहुधा एकाच प्रकारचा असतो : "काका, मोठा एअर फिल्टर टाकला तर गाडी किती पळेल?"

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी लेख देण्याविषयी शाळेने मला विचारले तेव्हा हाच प्रश्न विषय म्हणून घ्यावा असे मनात आले. त्याला एक कारण आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते ते गुरुजी आम्हांला विज्ञान शिकवीत. वर्गात कोणी घाईने विधान केले की ते त्याला खोटे ठरवीत नसत, "मोजलेस का?" एवढेच विचारीत. मोटारसायकलच्या इंजिनाला हवा पोहोचविण्याच्या मार्गात सुधारणा करणे हा वरवर पाहता हौसेचा विषय आहे. परंतु तो नीट समजून घ्यावयाचा तर गुरुजींच्या त्या दोन शब्दांपासूनच आरंभ करावा लागतो. मी तो तसा केला नाही, त्याची किंमत एका तरुणाने दिली. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम इंजिन काय करते ते पाहू. पेट्रोल जळते म्हणून इंजिन चालते असे आपण म्हणतो. पण एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. हवा मात्र दट्ट्या खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच मिळते. म्हणून इंजिनाची शक्ती ही मुख्यतः त्याच्या श्वासाची शक्ती होय. आपल्या रस्त्यांवर आज दिसणाऱ्या मोठ्या इंजिनांपैकी एक उदाहरण घेऊ. रॉयल एन्फिल्डचे जोड-सिलिंडरचे इंजिन २०१८ मध्ये बाजारात आले. त्याच्या प्रत्येक सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६७.८ मिलिमीटर आहे. गुणाकार केला म्हणजे दोन्ही सिलिंडरांचे मिळून ६४८ घन सेंटिमीटर होतात. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतला जातो. मिनिटाला ७००० फेरे असताना प्रत्येक सिलिंडर ३५०० वेळा हवा ओढतो, म्हणजे कागदावर सुमारे २२७० लिटर हवा झाली. प्रत्यक्षात वाटेतील अडथळ्यांमुळे सिलिंडर पूर्ण भरत नाही. तो ८५ टक्के भरतो असे धरले तर ही हवा १९३० लिटर होते. सचिनच्या मे महिन्यात, ४० अंश तापमानाला, एक लिटर हवेचे वजन सुमारे १.१३ ग्रॅम असते. यावरून हे इंजिन मिनिटाला अदमासे २.२ किलो, म्हणजे सेकंदाला ३६ ग्रॅम हवा घेते असे निघते.

आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहा. अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः छोट्या शर्यतीच्या गाड्या बनवितात आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेत त्या उतरवितात. तेथे पेट्रोल इंजिनाची सर्व हवा केवळ २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून गेली पाहिजे असा नियम आहे. हे छिद्र जवळजवळ एक रुपयाच्या नाण्याएवढे भरते. त्यातून हवा ध्वनीच्या वेगाने जाऊ लागली की त्यापुढे कितीही ओढले तरी प्रवाह वाढत नाही. ही कमाल मर्यादा काढली तर ती सेकंदाला ७० ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे आपल्या ६४८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला लागणाऱ्या हवेच्या जवळजवळ दुप्पट हवा, प्रवाह संथ आणि अखंड असेल तर, त्या नाण्याएवढ्या छिद्रातूनही जाऊ शकते! गाडीचा मूळ मार्ग त्याहून मोठाच असतो. तेव्हा 'तोंड लहान आहे म्हणून शक्ती अडली आहे' हा तर्क प्रत्येक वेळी खरा नसतो. अडचण एका ठिकाणी नसते. फिल्टर, थ्रॉटल, नळी, सिलिंडरच्या माथ्यातील वाट आणि झडप या साऱ्या ठिकाणी ती वाटली गेलेली असते. शिवाय इंजिनाचा श्वास अखंड नसून ठोक्याठोक्याने चालतो.

कोठे किती अडते हे मोजण्याचे साधन अगदी स्वस्त आहे. गवंडी पातळी पाहण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतो तीच आपल्याला पुरते. मीटरभर उंचीच्या फळीवर ती इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून बसवावी, तिच्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे, एक टोक मोकळे ठेवावे आणि दुसरे फिल्टरच्या पुढे, थ्रॉटलच्या अलीकडे जोडावे. इंजिन पूर्ण जोराने चालत असताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो तो म्हणजे फिल्टरने खाल्लेला दाब. हे काम रस्त्यावर करू नये, रोलरच्या डायनोवरच करावे. वातावरणाचा दाब सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. समजा, पातळीतील फरक १५ सेंटिमीटर आला. याचा अर्थ फिल्टरमुळे हवा सुमारे दीड टक्क्याने विरळ होते. फिल्टर काढून फेकून दिला तरी यापलीकडे लाभ होणे नाही. ४७ अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ एका अश्वशक्तीलाही पोहोचत नाही.

दुसरी बाजूही मोजली पाहिजे. मूळ फिल्टरची पेटी काढून इंजिनाजवळ उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसविण्याची पद्धत आहे. तो इंजिनाच्या अंगची तापलेली हवा ओढतो. ४० अंशांऐवजी ६० अंशांची हवा आत गेली तर तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. दीड टक्का मिळविण्यासाठी सहा टक्के घालविण्याचा हा व्यवहार झाला. त्यातच आपल्या भागात लूमची रुई आणि रस्त्याची धूळ हवेत सदैव असते. जो फिल्टर हवा अधिक सहजतेने सोडतो तो धूळही सोडत नाही ना, हे पाहणे येथे अधिक अगत्याचे ठरते; कारण बारीक वाळू सिलिंडरची भिंत आणि रिंग घासून काढते.

आता नळीच्या लांबीचा विचार. झडप उघडून दट्ट्या हवा ओढतो तेव्हा नळीत कमी दाबाची एक लाट उठते आणि उघड्या तोंडाकडे धावते. तोंडापाशी ती उलटते आणि जास्त दाबाची लाट होऊन परत येते. झडप मिटण्याच्या सुमारास ती पोहोचली तर जाता जाता थोडी अधिक हवा सिलिंडरमध्ये ढकलते. ४० अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो. झडपेपासून तोंडापर्यंत ४० सेंटिमीटर अंतर असेल तर जाऊन येण्यास सव्वादोन सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला ६००० फेरे असताना तेवढ्या वेळात क्रँक ८१ अंश फिरतो, ३००० फेऱ्यांना सुमारे ४० अंशच. म्हणजे एका वेगाला लाट वेळेवर पोहोचते, तर दुसऱ्या वेगाला फार लवकर येऊन वाया जाते. आखूड नळी वरच्या फेऱ्यांना साथ देते, लांब नळी खालच्या. नळी फार रुंद केली तर खालच्या फेऱ्यांत हवेचा वेग मंदावतो आणि पेट्रोल तिच्यात नीट मिसळत नाही. शहरातल्या चौकांतून जी गाडी चालवावयाची तिचा बहुतेक काळ खालच्या आणि मधल्या फेऱ्यांतच जातो, हे विसरून चालत नाही.

येथपर्यंत हवेचे झाले. पेट्रोल देण्याचे काम आता इंजेक्शन करते. त्याविषयी एक गैरसमज असा की इंजेक्शन आले म्हणजे शक्ती वाढली. आपल्याच देशातील एक उदाहरण बोलके आहे. बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० ही मोटारसायकल इंजेक्शनसह आणली. तिची शक्ती सुमारे २० अश्वशक्ती होती. २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटरसह आली आणि तिची शक्ती २१ च्या घरात गेली! यावरून कार्ब्युरेटर श्रेष्ठ ठरतो असे मुळीच नाही. इंजेक्शन हा तराजू आहे. वेगवेगळ्या हवामानात, चढावर आणि उतारावर, थंड आणि तापलेल्या इंजिनात अचूक माप देणे हा त्याचा गुण. धान्य मात्र हवेनेच आणावे लागते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले तेव्हा बहुतेक मोटारसायकलींवर इंजेक्शन आले ते मुख्यतः या अचूकतेसाठी.

हा तराजू हवा कशी तोलतो? बहुतेक मोटारसायकलींत तो हवा प्रत्यक्ष तोलत नाही, अंदाज करतो. थ्रॉटल किती उघडला आहे, नळीतील दाब किती, हवेचे तापमान किती आणि फेरे किती हे संवेदक सांगतात. या परिस्थितीत सिलिंडर किती भरतो याचे कोष्टक उत्पादकाने मूळ गाडीवर प्रयोग करून संगणकात घालून ठेवलेले असते. कोष्टकातून हवेचा आकडा मिळतो आणि तेवढा वेळ इंजेक्टर उघडतो. याखेरीज सायलेन्सरच्या नळीत प्राणवायूचा संवेदक असतो. मोटारींमध्ये तो प्रथम १९७६ मध्ये व्होल्वोने वापरला. जळून गेलेल्या वायूत प्राणवायू उरला आहे की नाही हे तो पाहतो आणि मिश्रण विरळ झाले असेल तर संगणक पेट्रोल वाढवितो.

सारा धोका पुढील एका गोष्टीत आहे. साध्या संवेदकाच्या आधारे होणारी ही दुरुस्ती बहुतेक गाड्यांत हलक्या, संथ चालीतच चालते. पूर्ण थ्रॉटल उघडला की इंजिन थंड राहावे म्हणून मिश्रण मुद्दाम दाट ठेवावे लागते. तेव्हा संगणक त्या संवेदकाचे ऐकणे सोडतो आणि केवळ कोष्टकावर विसंबतो. आपण हवेचा मार्ग बदलला तर कोष्टक खोटे झालेले असते. पण ते संगणकाला ठाऊक नसते!

आता माझी चूक सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्या एका तरुणाने मोठ्या एक-सिलिंडर इंजिनाची जुनी गाडी घेतली आणि ती माझ्याकडे आणली. गाडी कोणत्या कंपनीची होती याला येथे महत्त्व नाही. गाडीत दोष नव्हता. मी उघडा फिल्टर बसविला, मोकळा सायलेन्सर लावला आणि संगणकाच्या वायरींत मध्ये जोडावयाची एक पेटी घालून ठिणगी थोडी अगोदर पडेल असे केले. पेटीतील आकडे मी दुसऱ्या एका गाडीवरून उतरविले होते. नंतर डुमसच्या रस्त्यावर गाडी संथपणे चालवून पाहिली, प्लग काढून पाहिला. त्याचा रंग उत्तम होता. मी समाधानाने गाडी त्याच्या हवाली केली.

पंधरा दिवसांनी तो धाकट्या भावाला मागे बसवून वघईमार्गे सापुताऱ्याला निघाला. मे महिन्याची दुपार, दोघांचे ओझे, घाटाचा चढ आणि बराच वेळ पूर्ण उघडलेला थ्रॉटल. इंजिन ठोकू लागले असणार; मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात ते त्याला ऐकू आले नाही. घाटात गाडी बंद पडली ती टेम्पोतूनच परत आली. इंजिन उघडले तेव्हा प्लगच्या पांढऱ्या भागावर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके चिकटलेले होते, दट्ट्याची कड झिजली होती आणि रिंगेजवळचा काठ तुटला होता. मिश्रण विरळ झाले होते आणि ठिणगी वेळेआधी पडत होती. त्यामुळे शिल्लक मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटून दट्ट्यावर घाव घालीत होते.

मी तपासणी केली नव्हती असे नाही. पण मी जेथे पाहिले तेथे संवेदकाने माझी चूक झाकून घेतली होती, आणि जेथे पाहावयास हवे होते तेथे मी पाहिलेच नव्हते. मजुरी मी घेतली नाही, सुट्या भागांचा निम्मा खर्चही दिला. तरी गावी आईला पाठवावयाचे त्याचे दोन महिन्यांचे पैसे त्या इंजिनात गेले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. ते न बोलणेच अधिक जड गेले. घाटात इंजिन अडकून मागचे चाक जाम झाले असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही सोडत नाही.

तेव्हापासून मी कामाचा एक क्रम ठरविला आहे. आरंभी इंजिन निरोगी आहे की नाही ते पाहावे : सिलिंडरचा दाब, झडपांचे अंतर, इंधनाचा दाब. मग मूळ स्थितीतच डायनोवर शक्तीचा आलेख काढावा. तो नसेल तर सुधारणा झाली की केवळ आवाज वाढला हे कधीच कळणार नाही. पुढे पाण्याच्या नळीने प्रत्येक टप्प्यावरचा अडथळा मोजावा आणि सर्वांत मोठा असेल त्यालाच प्रथम हात घालावा. बहुधा नवा स्वच्छ मूळ फिल्टर, गळती नसलेले रबरी सांधे आणि थंड हवा येणारी पेटी यांनीच बरेच काम होते. एका वेळी एकच बदल करावा. प्रत्येक बदलानंतर पूर्ण भारावर मिश्रण मोजावे. आणि तेही साध्या संवेदकाने नव्हे, विस्तृत पल्ल्याच्या संवेदकाने. साधा संवेदक 'विरळ की दाट' एवढेच सांगतो, विस्तृत पल्ल्याचा 'किती' तेही सांगतो. मिश्रण प्रत्येक फेऱ्याला योग्य झाल्याखेरीज ठिणगीच्या वेळेला स्पर्श करू नये.

इंजेक्टरची ऐपतही तपासावी लागते. आपल्या ६४८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला मिनिटाला २.२ किलो हवा लागते. शुद्ध पेट्रोल असते तर पूर्ण भारावर हवेचे इंधनाशी प्रमाण १३ ला १ धरून सुमारे १७० ग्रॅम इंधन पुरले असते. परंतु आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या अंगी स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याला ९ भागच हवा लागते. म्हणून मिश्र इंधनासाठी तेच प्रमाण १२ ला १ च्या आसपास ठेवावे लागते आणि गरज १८० ग्रॅमांवर जाते, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमागे ९० ग्रॅम. समजा, इंजेक्टर सतत उघडा ठेवला असता मिनिटाला १२० ग्रॅम सोडतो. तर तो पाऊण वेळ उघडा राहील. हवा आणखी दहा टक्के वाढविली तर हे प्रमाण ८२ टक्क्यांच्या वर जाते. सर्वसाधारणपणे ८५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. त्यापुढे इंजेक्टरला नीट मिटण्यास अवकाश राहत नाही. जुन्या काळच्या आकड्यांवर आजचे इंधन चालविले तर मिश्रण आपोआप विरळ होते, हेही यावरून ध्यानात येईल.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. धूर आणि आवाज यांच्या मर्यादा त्याखेरीज आहेतच. मोठ्या सुधारणांची जागा बंदिस्त ट्रॅक ही होय. ज्या गल्लीत लहान मुले खेळतात आणि रात्रपाळी करून आलेली माणसे दिवसा झोपतात, ती नव्हे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल की काकांनी हौसेवर पाणी ओतले. तसे नाही. इंजिनाचा श्वास मोकळा करण्यात आनंद आहे आणि त्यातून उत्तम कारागीर घडतात. महाविद्यालयाची मुले नाण्याएवढ्या छिद्रातून येणाऱ्या हवेवर गाडी पळवितात, ती केवळ आकार, लांबी आणि मिश्रण यांचा हिशेब नीट मांडून. मात्र 'किती मोठे बसवू?' हा प्रश्न मागाहूनचा आहे. 'कोठे अडते आहे?' हे अगोदर विचारले पाहिजे, आणि त्याचे उत्तर बाजारात विकत मिळत नाही.

शाळेच्या येत्या विज्ञान प्रदर्शनासाठी कोणा विद्यार्थ्याला ती पाण्याची नळी बनवावयाची असेल तर त्याने माझ्या कार्यशाळेत यावे. फळी, नळी आणि रंग मी देईन. मोजणे त्याचे त्याने करावे. गुरुजी असते तर त्यांनीही तेवढेच सांगितले असते.